चियांग माईत नऊ महिने राहून : शाकाहारी माणसाने काय खावं, कसं फिरावं

मागच्या जुलैत नवऱ्याच्या कामामुळे आम्ही थायलंडमधल्या चियांग माईला आलो, आता एप्रिल चालूय, म्हणजे पाऊस, थंडी आणि तो मार्चचा धूर सगळं बघून झालंय म्हणून लिहितेय. मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, नवरा सगळं खातो. निघताना सासूबाईंनी मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणचं असं चांगलं सहा किलो बांधून दिलं होतं, कारण तिकडे हिला खायला काही मिळणार नाही हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. ती भाजणी अजून संपलेली नाही.

सगळ्यात आधी एक शब्द शिका, 'जे'. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो, लांबून इंग्रजी १७ सारखा दिसतो. जे म्हणजे कडक शाकाहारी, मांस-मासे-अंडी-दूध नाहीच, कांदा-लसूण पण नाही. दुसरा शब्द 'मांगसविरत', तो पण शाकाहारीच, पण त्यात अंडं चालतं आणि कधीकधी माशाचा सॉस पण येतो. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. एका ठिकाणी टोफू-भाजी मागवली, फोटोत नुसत्या भाज्या, दोन घास खाल्ल्यावर वास आला, विचारलं तर दुकानवाली सहज म्हणाली हो, नाम प्ला (म्हणजे माशाचा सॉस) आहे ना. खरंच रडू आलं होतं मला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांच्यासाठी नाम प्ला म्हणजे आपलं मीठच. तेव्हापासून ऑर्डर देतानाच 'किन जे खा' म्हणते (म्हणजे मी 'जे' खाते; शेवटचं 'खा' नुसतं अदबीचं, पुरुषांनी त्याऐवजी ख्रप म्हणायचं) आणि वर 'मै साय नाम प्ला', म्हणजे नाम प्ला घालू नका.

इथला खरा पदार्थ खाव सॉय. नारळाच्या दुधातला करीचा रस्सा, त्यात नूडल्स, वरून तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, आणि बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा छोटा कांदा, लिंबू. नेहमीच्या दुकानात तो चिकन किंवा बीफचा असतो, जे वाल्यांकडे टोफू-मशरूमचा मिळतो आणि चवीला अजिबात कमी नाही. लोणचं-लिंबू आधीच सगळं ओतू नका, अर्धा रस्सा तसाच पिऊन बघा.

आणि नाम प्रिक नुम! हिरव्या मिरच्या, लसूण, कांदा भाजून खलबत्त्यात कुटलेला, म्हणजे आपला ठेचाच की. चिकट भाताचा गोळा हाताने वळून त्यात बुडवून खायचा. पण बऱ्याच ठिकाणी त्यात माशाचं काहीतरी असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे खनोम क्रोक. घराजवळच्या मंडईत सकाळी एक मावशी बसते, तिच्यापुढे अगदी आपल्या अप्पेपात्रासारखं बिडाचं भांडं, त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतते, वर कांद्याची पात नाहीतर मक्याचे दाणे, कडा कुरकुरीत झाल्या की चमच्याने सोडवून दोन अर्ध्या एकमेकांवर ठेवते. आत अजून पातळ असतं, तोंड भाजतं, तरी थांबवत नाही. पहिल्या दिवशी मी तिथे उभी राहूनच आईला व्हिडिओ कॉल केला.

फिरायला लाल साँगथेव. मागून उघडी छोटी गाडी, हात करायचा, कुठे जायचं ते सांगायचं, मान हलवली की बसायचं, उतरायचं तिथे छतावरची बेल दाबायची आणि उतरून पैसे द्यायचे. जुन्या शहरात आणि आसपास आम्ही माणशी ३० बाट देतो, पूर्ण गाडी घेतली तर भाव आधी ठरवा. रात्री किंवा पावसात ग्रॅब नाहीतर बोल्ट ॲपवरून गाडी. स्कूटर घ्यायची तर भारतातूनच आरटीओचं इंटरनॅशनल परमिट काढून आणा, त्यात दुचाकी असायला हवी, आणि पासपोर्ट डिपॉझिट म्हणून कुणाकडे ठेवू नका. आम्ही एकदा ठेवला आणि जुन्याच ओरखड्याचे पैसे भरून सोडवून आणला.

एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतात, त्यामुळे एकदाच मोठी रक्कम काढा. येण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. पाणी मशीनवर बाटल्या भरून मिळतं, नळाचं पिऊ नका.

डोई सुथेप डोंगरावरच्या देवळात सकाळी लवकर जा, ३०६ पायऱ्या उन्हात नको वाटतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. रविवारची वॉकिंग स्ट्रीट (रस्त्यावरचा बाजार) संध्याकाळी पाचला गाठा, सातनंतर नुसती रेटारेटी, आणि खाण्याचे स्टॉल रस्त्यापेक्षा देवळांच्या आवारात बघा.

कधी यावं? नोव्हेंबर ते जानेवारी, डोळे झाकून. फेब्रुवारीपासून शेतं आणि जंगलं जळायला लागतात, शहर डोंगरांच्या मधल्या खोलगटात असल्यामुळे धूर हलत नाही. मार्चमध्ये समोरचा डोई सुथेप कित्येक दिवस दिसलाच नाही, घसा सतत धरलेला, घरात प्युरिफायर दिवसरात्र चालू. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर कितीही स्वस्त तिकीट मिळालं तरी त्या दिवसांत येऊ नका.