हिब्रू हस्तलिखितं: स्क्रीनवर की वाचनकक्षात?

सतराव्या शतकातल्या ज्यू विचारविश्वावर काम करू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'क्तिव'वर, म्हणजे हिब्रू हस्तलिखितांच्या स्कॅनच्या ऑनलाइन संग्रहावर भागवावं, की ऑक्सफर्डचं बोडलियन ग्रंथालय गाठावं?

खर्चात तुलनाच नाही. क्तिव फुकट आहे, जरी काही प्रती घरबसल्या उघडत नाहीत. पाठभेद ताडायलाही तेच सोयीचं. व्हेनिसचे रब्बी लिओन मोदेना यांनी १६३९ साली कबालावर, म्हणजे ज्यू गूढवादावर, टीका करणारा 'आरी नोहेम' हा ग्रंथ लिहिला. तो छापला गेला थेट १८४० मध्ये. तोवर वाचला गेला तो हस्तलिखित नकलांतूनच. अशा वेळी स्कॅन शेजारीशेजारी लावून वाचण्यासारखं सुख नाही.

पण पान उजेडासमोर धरल्यावर दिसणारं जलचिन्ह, सेन्सॉरने खोडलेल्या ओळीखालची अक्षरं, बांधणीतले दोरे साध्या स्कॅनमध्ये बहुधा निसटतात.

मजकूरच अभ्यासायचा असेल तर क्तिव पुरे. नक्कल कधीची, कुणाकुणाच्या हातून गेली हे शोधायचं असेल, तर बोडलियनमधला हिब्रू ग्रंथांचा ओपनहाइम संग्रह प्रत्यक्षच पाहावा.