जॉर्डन रेट्रो घ्यायचाय? १, ३, ४ की ११, गोव्याच्या हवेत तोलून पाहू

जॉर्डन म्हणजे बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचे नायकीचे क्रमांकवार बूट, आणि रेट्रो म्हणजे त्यांचं पुन्हा काढलेलं जुनं मॉडेल. असा रेट्रो घेताना आपण आधी रंग बघतो, मग किंमत, आणि सोल कशाचा आहे हे विचारायचं राहूनच जातं. गोव्यात राहणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. कपाटात टांगलेल्या लेदरच्या पट्ट्याला बघता बघता बुरशी धरते. पंधरा-वीस हजार मोजून आणलेली जोडी या हवेत किती टिकेल, हा प्रश्न 'ब्रेड' रंग घ्यायचा की 'व्हाइट सिमेंट' रंग, याच्या आधी येतो.

दुसरा मुद्दा चाहत्यांच्या रागाचा. तो राग खरा आहे. नायकी जुनं मॉडेल परत आणते तेव्हा ते जसंच्या तसं आणेल याची खात्री नसते. कधी टाचेवरचं 'नायकी एअर' जाऊन तिथे जंपमॅन (उडी मारणाऱ्या जॉर्डनचं चिन्ह) येतो, कधी वरचं मटेरियल बदलतं, कधी पुढच्या भागाचा आकार फुगतो. गेल्या काही वर्षांत 'रीइमॅजिन्ड' नावाखाली नवी कोरी जोडी मुद्दाम जुनाट दिसेल अशी करून विकणंही सुरू झालंय. ज्यांना १९८८ किंवा १९८९ चा बूट हवा होता, त्यांना त्याची आठवण करून देणारा बूट मिळतो, आणि तोही ड्रॉ, म्हणजे खरेदीची सोडत, लागला तर. म्हणून प्रत्येक मॉडेलला मी दोनच प्रश्न लावतोय: मूळ बुटाशी हा किती प्रामाणिक आहे, आणि गोव्यात हा किती टिकेल?

जॉर्डन १

१९८५ चा हा बूट पीटर मूरने डिझाइन केला, तेव्हाची किंमत ६५ डॉलर. १९९४ मध्ये तो पहिल्यांदा रेट्रो म्हणून परत आला आणि दुकानांत पडून राहून शेवटी सवलतीत निघाला. आज लोक ज्याच्यासाठी रात्री अलार्म लावतात, तोच हा बूट.

टिकण्याच्या बाबतीत चारांमध्ये हाच पुढे. याला रबराचा एकसंध कपसोल, म्हणजे वाटीसारखा सोल, आहे, तो वरच्या भागाला कडेने शिवलेला असतो, आणि एअरची गादी टाचेखाली आत झाकलेली. बाहेरून उघडा असा फोमचा थर नाही, त्यामुळे दमट हवेला धरायला जागा कमी. लेदर पुसता येतं. तांबड्या मातीचा डाग पडलाच तर ओल्या फडक्याने निघतो, फक्त शिलाईच्या ओळीत माती बसू द्यायची नाही, जुन्या टूथब्रशने लगेच काढायची.

प्रामाणिकपणाचं मात्र अवघड आहे. नेहमीच्या 'रेट्रो हाय ओजी'चा (ओजी म्हणजे 'ओरिजिनल', मूळ रूपातला) आकार आणि १९८५ च्या बुटाचा आकार शेजारी ठेवला तर कॉलरची उंची आणि पुढच्या भागाचा उतार वेगळा दिसतो. नायकीलाही हे माहीत आहे, म्हणून तर 'हाय ८५' अशी वेगळी, जास्त महागडी जात काढली. म्हणजे मूळ आकार हवा असेल तर वरचे पैसे मोजा. हे मला पटत नाही. २०२२ च्या 'लॉस्ट अँड फाउंड'ने तर गोष्टच विकली: कॉलरवर मुद्दाम पाडलेल्या भेगा, बॉक्सला न जुळणारं झाकण, आत जुन्या दुकानाच्या पावतीसारखा कागद. जोडी सुंदर आहे, हे मान्य. पण भेगा पडलेलं लेदर गोव्याच्या पावसात घालायचं असेल तर दोनदा विचार करा, पाणी शिरायची वाट त्यात आधीच तयार आहे.

मॉलमधल्या दुकानात बहुधा कमी उंचीचे मिड आणि लो दिसतात. फरक ओळखायला सोपा आहे. हायला लेसची नऊ भोकं असतात, मिडला आठ. हाय ओजीच्या जिभेवर (लेसखालच्या पट्टीवर) 'नायकी एअर' असतं, मिडवर जंपमॅन. घालायला मिड वाईट नाही, पण कोणी मिडला 'ओजी' म्हणून विकत असेल तर उठून चालू लागा.

आणि घाई करू नका. नायकीचे डंक, एअर फोर्स १ आणि जॉर्डन १ बाजारात इतके झाले की २०२४ मध्ये कंपनीनेच पुरवठा आवरायचं ठरवलं. त्याच ऑक्टोबरात एलियट हिल सीईओ झाले आणि तेही धोरण पुढे चाललं. ज्या रंगाला फार ओरड नाही, अशी जॉर्डन १ काही महिन्यांनी सवलतीत मिळू शकते.

जॉर्डन ३ आणि ४: इथे जरा थांबा

दोन्ही नायकीचा डिझाइनर टिंकर हॅटफिल्ड याचे. ३ हा १९८८ चा, टाचेत दिसणारी एअरची खिडकी आणि एलिफंट प्रिंट (हत्तीच्या कातडीसारखी नक्षी) असलेला. ४ हा १९८९ चा, बाजूला जाळी आणि लेससाठी प्लॅस्टिकचे पंख. माझ्या मते जॉर्डनच्या सगळ्या रांगेत यांच्याइतके देखणे दुसरे नाहीत. आणि गोव्यात सगळ्यात जास्त फसवणारेही हेच.

कारण मिडसोल, म्हणजे तळ आणि वरचा भाग यांमधला फोमचा थर. तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं, याला हायड्रोलिसिस म्हणतात. जोडी घाला किंवा नका घालू, हे आत चालूच असतं, उलट बॉक्समध्ये बंद पडलेली जोडी जास्त लवकर जाते असा जाणकारांचा अनुभव आहे. दहा-बारा वर्षांची 'डेडस्टॉक', म्हणजे कधीच न घातलेली, जोडी हातात घेऊन बघा: बॉक्स कडक, टॅग जागच्या जागी, लेदर चकचकीत. मग एअरच्या खिडकीच्या वरच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. रंगाचा पापुद्रा उचकटतो, खालून पिवळट फोम दिसतो, आणि तो चहात बुडालेल्या बिस्किटासारखा विरतो. अशा बुटात दहा पावलं टाकली तरी टाच फरशीवर राहते. गोंद लावून हे जुळत नाही, मिडसोलच नवा बसवावा लागतो, आणि असं काम करणारे कारागीर गोव्यात शोधावे लागतात.

म्हणून ३ किंवा ४ घ्यायचा तर ताज्या उत्पादनाचाच. आतल्या साइझ लेबलवर उत्पादनाच्या तारखा छापलेल्या असतात, फोटोत त्या नसतील तर मागून घ्या. सात-आठ वर्षांपेक्षा जुनी जोडी घालण्यासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

आता चाहत्यांच्या सगळ्यात मोठ्या भांडणाकडे येतो. ४ चा 'ब्रेड' म्हणजे काळा-लाल, मूळ बुटावर नुबकसारखं मऊ, लव असलेलं मटेरियल. २०१९ चा रेट्रो त्याच वाटेने गेला, टाचेवर 'नायकी एअर'सुद्धा आलं, किंमत २०० डॉलर. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये 'ब्रेड रीइमॅजिन्ड' आला, किंमत २१५ डॉलर, आणि नुबकच्या जागी गुळगुळीत लेदर. लोक चिडले, आणि माझ्या मते योग्यच चिडले. त्या बुटाची ओळखच त्याच्या मंद काळेपणात आहे. लेदरचा ४ काढायचा होता तर त्याला वेगळं नाव द्यायचं होतं, 'ब्रेड'च्या नावावर रांग लावायला नको होती.

पण तुम्ही डिचोलीत किंवा सावर्ड्यात राहत असाल आणि बूट खरोखर घालणार असाल, तर तोच लेदरचा ४ तुमच्या कामाचा आहे. नुबकवर पाण्याचा थेंब डाग सोडतो, लवेत बुरशी बसली की पुसून जात नाही, ब्रश मारला की रंग उडतो. लेदर कोरड्या फडक्याने आवरतं. इतिहासाला जे मटेरियल बरोबर, ते आपल्या हवेला चूक, असा हा पेच आहे. संग्रहासाठी घेणाऱ्याने २०१९ चा शोधावा, पण तोही आता जुना होत चाललाय हे लक्षात ठेवून. घालणाऱ्याने २०२४ चा घ्यावा आणि मनात खंत ठेवू नये.

३ च्या बाबतीत मी थोडा मवाळ आहे. मार्च २०२३ च्या 'व्हाइट सिमेंट रीइमॅजिन्ड'चा मिडसोल आधीच पिवळसर रंगवलेला आहे. ज्यांना पांढराशुभ्र हवा होता ते नाराज झाले. मला तो रंग आवडतो. आमच्याकडे पांढरा मिडसोल एका पावसाळ्यात तसाच होतो, निदान याचा रंग सगळीकडे सारखा आहे. टाचेवर 'नायकी एअर' आहे, जे २००३ आणि २०११ च्या रेट्रोंवर नव्हतं. ३ आणि ४ मध्ये एकच निवडायचा तर मी ३ म्हणेन: तो पायाला मऊ आहे, ४ चं प्लॅस्टिक आणि कडकपणा रुंद पायाला टोचतो.

जॉर्डन ११

१९९५ चा, चकचकीत पेटंट लेदरचा, तळव्यात कार्बन फायबरची पट्टी असलेला. १९९५-९६ मध्ये शिकागो बुल्सने ७२ सामने जिंकले, त्या मोसमाचा हा बूट. २०११ च्या डिसेंबरात याचा 'कॉनकॉर्ड' रंग आला तेव्हा अमेरिकेत दुकानांबाहेर मारामाऱ्या झाल्या होत्या. आता गर्दी फोनवर असते, निराशा तीच.

मिडसोल फायलॉन नावाच्या वेगळ्या फोमचा, म्हणजे ३-४ सारखा भुगा व्हायची भीती नाही. पेटंट लेदर पाण्याला आणि मातीला पुरून उरतं. धोका दोन ठिकाणी: दमट हवेत गोंद सुटू शकतो, आणि पारदर्शक तळ ऊन-हवेने पिवळा पडतो. तळ बर्फासारखा हवा असेल तर हा बूट तुमचं मन मोडणार, हे आधीच मान्य करा. मोठा ११ बहुधा डिसेंबरात येतो. ते आपल्याला सोयीचं आहे, कारण पुढे मेपर्यंत कोरडे दिवस मिळतात.

ड्रॉ, रीसेल, की गल्फवरून?

अधिकृत दुकानांचे ड्रॉ आधी लावा. सुपरकिक्स, व्हेजनॉनव्हेज अशी भारतीय दुकानं ऑनलाइन नोंदणी घेतात, त्याला पैसे लागत नाहीत. लागला तर छापील किमतीत मिळतो. नाही लागला तर लगेच रीसेलवाल्याकडे धावू नका, पहिल्या आठवड्यातला भाव बऱ्याचदा नंतर उतरतो. रीसेलमध्ये बॉक्सवरचा स्टाइल कोड आणि जिभेआतला किंवा बाजूच्या लेबलवरचा कोड जुळतो का, एवढं तरी बघाच. 'फर्स्ट कॉपी' स्वस्त असते, पण तिचा सोल आणि गोंद कशाचा हे कोणालाच माहीत नसतं, आणि आपला सगळा हिशेब तर त्यावरच चाललाय.

आयात केलेल्या पादत्राणांवर २०२० मध्ये मूळ सीमाशुल्क ३५ टक्के झालं होतं; २०२५ मध्ये ते उतरलं, तरी एकूण शुल्काचा बोजा मोठाच आहे, त्यामुळे परदेशी साइटवरून मागवलेली जोडी दारात येईपर्यंत फारच महाग होते. दुबई-मस्कतला घरातलं कोणी असेल तर चवथीला (गणेश चतुर्थीला) येताना आणायला सांगणं हा गोव्यातला जुना मार्ग. तेव्हा यूके साइझ सांगा, नुसता 'नऊ' म्हणू नका, यूके नऊ आणि यूएस नऊ यांत एका नंबरचा फरक पडतो.

रेट्रोचं प्रेम असून जॉर्डनचाच हट्ट नसेल, तर आदिदास सांबा बघा. गोठलेल्या मैदानावर फुटबॉलच्या सरावासाठी जन्मलेला बूट, रबरी सोल, लेदर, ड्रॉची कटकट नाही. फुटबॉलवेड्या गोव्यात तो शोभतोही. कन्व्हर्सचा चक ७० कापडी आहे, भिजला तर पंख्याखाली वाळतो.

एकच जोडी घ्यायची, रोज घालायची आणि बजेट पंधरा-सतरा हजारांचं असेल, तर लेदरचा जॉर्डन १ हाय, सवलतीची वाट बघून. दोन जोड्यांची ऐपत असेल तर पावसाळ्यासाठी चक ७०, आणि चवथीनंतर काढायला ताज्या उत्पादनाचा ३. तो ३ पावसाळाभर बॉक्समध्ये कोंडू नका: आत कोरडा कागद भरून वारं लागेल अशा फळीवर ठेवा, आणि पाऊस उघडला त्या दिवशी तासभर घालून घरात फिरा.