सात दिवसांचे योगशिबिर आणि त्यानंतरचे आठ महिने

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीची धामधूम ओसरल्यावर, रामटेकच्या वाटेवरील एका निवासी योगकेंद्रात मी सात दिवस राहून आले. परतल्याबरोबर लिहायला बसले असते तर नुसते कौतुकच लिहिले गेले असते, कारण शिबिरातून आलेल्या माणसाला पहिला आठवडा सगळेच छान वाटते. म्हणून मुद्दाम थांबले. लग्नसराई, वर्षअखेरची मालमोजणी आणि नागपूरचा उन्हाळा या तिन्हींतून जे टिकले तेच खरे पदरात पडले असे मी मानते.

मानेवाडा रोडवर आमचे औषधांचे दुकान आहे. मी आणि माझे यजमान, दोघेही औषधनिर्माते. माझे वय ४९. दिवसाचे नऊ-दहा तास काउंटरमागे उभे राहायचे, रात्री साडेदहाला शटर खाली करायचे, अकराला जेवायचे आणि मग फोन हातात घेऊन एक-दीड वाजेपर्यंत जागायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम होता. डावी टाच आणि कंबर दुखत असे, रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपासून चालू होती आणि सकाळी उठताना आदल्या दिवशीचाच थकवा अंगात असे. घराजवळच्या योगवर्गात मी दोनदा नाव घातले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडले होते. वर्ग चांगला होता, पण सकाळी सहाचा वर्ग आणि रात्री दीडची झोप यांचा मेळ बसणे शक्यच नव्हते.

निवासी शिबिराचा सर्वांत मोठा फायदा मला याच ठिकाणी दिसला. तेथे केवळ आसने शिकवत नाहीत, दिवसाचे घड्याळच हातातून काढून घेतात. पहाटे साडेचारला घंटा, साडेसहाला संध्याकाळचे जेवण, नऊला दिवे बंद, आणि फोन पहिल्याच दिवशी कार्यालयात कापडी पिशवीत जमा. पहिले दोन दिवस फार कठीण गेले. चहा बंद असल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी डोके असे ठणकले की परत जावेसे वाटले. दिवसाला सहा-सात कप चहा पिणाऱ्याला कॅफिन एकदम तोडल्यावर हे होणारच, हे मला व्यवसायामुळे ठाऊक होते: कॅफिनने आकुंचित राहिलेल्या मेंदूकडच्या रक्तवाहिन्या ते बंद होताच रुंदावतात आणि डोके दुखते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थांबले आणि त्या रात्री मी सलग सात तास झोपले. किती वर्षांनी, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही जाणार असाल तर आधीच्या आठवड्यात रोज एकेक कप कमी करत जा, एवढे मात्र आवर्जून सांगते.

आता ज्या दोन गोष्टी आजही माझ्याजवळ आहेत त्यांविषयी. दोन्ही दिसायला अगदी क्षुल्लक आहेत.

पहिली म्हणजे उभे राहणे. चौथ्या दिवशी सकाळी शिक्षिकेने ताडासनात सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाच्या कोणत्या भागावर भार येतो ते नुसते पाहा म्हणाल्या. माझा जवळजवळ सगळा भार डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेवर होता. सत्र संपल्यावर त्यांनी मला माझ्या चपला उलट्या करून पाहायला लावल्या. डाव्या चपलेची बाहेरची कड अर्धी झिजून तिरकी झाली होती आणि उजवी जवळपास नव्यासारखी होती. काउंटरला डावीकडे टेकून मी अकरा वर्षे उभी होते आणि दुखणाऱ्या टाचेला दोष देत होते. पुढचे तीन दिवस अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच यांवर भार वाटून घेण्याचाच मी अभ्यास केला. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर असते ते आसन, अशी तीन शब्दांत मावेल एवढीच केली आहे. ती दुकानात उभे राहण्यालाही लागू पडते, हे मला तेथे उमगले. टाचेचे दुखणे साधारण तिसऱ्या महिन्यात नाहीसे झाले. कंबर अजून कधीमधी धरते.

दुसरी गोष्ट म्हणजे लांब उच्छ्वास. चार अंकांत श्वास घ्यायचा आणि आठ अंकांत सोडायचा, कुंभक म्हणजे श्वास रोखणे नाही, जोर नाही. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. सेकंदाला एक अंक धरला तर या पद्धतीने ते पाचावर येतात. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला विसाव्याचा निरोप पोहोचतो. दुकानात हे रोज उपयोगी पडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारा आणि नाही म्हटल्यावर आवाज चढवणारा ग्राहक दिवसाआड एखादा येतोच. पूर्वी माझाही आवाज चढत असे आणि तो वाद रात्री अंथरुणात पुन्हा सुरू होत असे. आता त्याला उत्तर देण्यापूर्वी मी ड्रॉवर उघडून गोळ्यांच्या पट्ट्या सरळ लावते आणि तेवढ्यात दोन लांब उच्छ्वास सोडते. नकार तोच असतो, पण तो घरी माझ्यासोबत येत नाही.

औषधांच्या धंद्यातील माणसाला पुराव्याशिवाय पटत नाही, म्हणून हेही लिहिते. योग आणि मोजमाप यांचा संबंध नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि नौलीच्या, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याच्या क्रियेच्या, वेळी आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली जातो, हे दाबमापक लावून तपासले. त्याच वृत्तीने मी माझी वही ठेवली. शिबिरापूर्वी सकाळचा रक्तदाब १४२/९२च्या आसपास असे, सध्या तो १३०/८४च्या आसपास राहतो. गोळी तीच आहे आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय याच काळात लोणचे-पापड कमी झाले आणि जेवण साडेआठवर आले, त्यामुळे सगळे श्रेय प्राणायामाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तक्रारीही आहेत. एका सहायक शिक्षकाने पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकलेली असताना, मागून पाठ दाबली आणि माझ्या मांडीमागे चमक भरली. ती जायला तीन आठवडे लागले. शरीराला हात लावण्यापूर्वी विचारावे, ही साधी शिस्त तेथे नव्हती. दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. जलनेतीसाठी, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्यासाठी, गिझरचे कोमट पाणी थेट लोट्यात देत होते. नाकात घालायचे पाणी उकळून गार केलेलेच हवे, कारण पोटात गेल्यास निरुपद्रवी ठरणारा नेग्लेरियासारखा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर बहुधा जीवघेणे ठरते. मिठाचे प्रमाणही अंदाजाने होते. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे सुमारे पाऊण लहान चमचा मीठ घातले की ते ०.९ टक्के होते आणि नाकाला झोंबत नाही. मी हे व्यवस्थापकांना सांगितले, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळले जाऊ लागले. ज्यांना रक्तदाब, हर्निया किंवा काचबिंदू आहे त्यांनी कपालभाती आणि डोके खाली करण्याची आसने यांविषयी नाव नोंदवतानाच विचारावे. मला कोणीही विचारले नव्हते, मीच सांगितले.

माझी मैत्रीण माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आली होती आणि मी तिचा अनुभव ऐकून गेले होते, ही माझी चूक झाली. तेथे मौन आणि बैठक हाच गाभा असतो; माझ्या शिबिरात आसने, प्राणायाम, योगनिद्रा आणि भरपूर प्रश्नोत्तरे होती. आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे.

आठ महिने अखंड गेले असे नाही. मार्चपर्यंत पाऊण तासाचा सराव नीट चालला. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला, पहाटेही भिंतीतून धग येऊ लागली आणि कूलरच्या घरघरीत मला स्वतःचा श्वास ऐकू येईना. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत सराव पूर्ण सुटला. पूर्वीच्या दोन वर्गांसारखे हेही संपले, असे वाटून मी फार खिन्न झाले होते. पण झोपेची वेळ मात्र सरकली नव्हती. रात्री साडेदहाला डोळे मिटत होते आणि पाचला आपोआप उघडत होते, म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर गच्चीवर चटई टाकायला मला कोणाची घंटा लागली नाही. आता पंचवीस मिनिटेच करते: सूर्यनमस्कार सहा, ताडासन, भुजंगासन, भ्रामरी आणि शेवटी लांब उच्छ्वास.

दुकान उघडे असताना नोंदणीकृत औषधनिर्माता हजर असावा लागतो, त्यामुळे आम्हा दोघांना एकदम जाता आले नव्हते. या नोव्हेंबरात यांची पाळी आहे. नावनोंदणी झाली असून आमच्या घरात सध्या रोज एकेक कप चहा कमी होत आहे.