पोरीचं फ्लाइंग स्कूल: पाचपैकी अडीच तारे

आधीच सांगतो, मी विमानातला माणूस नाही. एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. धाकटी कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी शिकतेय, त्याला २०० तास उडावं लागतं. स्कूलचं नाव लिहीत नाही, तिचे तास अजून तिथेच चाललेत.

मेसचं जेवण साधं पण ताजं, हॉस्टेलला पाणी भरपूर, इन्स्ट्रक्टर मॅडम एक नंबर. विमानं सेस्ना १७२. हे मॉडेल १९५६ पासून विकलं जातंय, ४४ हजारांच्या वर बनलीत. विमानांतली लाल परीच म्हणा. मॉडेलबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका विमानाच्या पुढच्या चाकाची. उतरताना आधी मागची दोन चाकं टेकतात, मग नाक खाली येतं. या विमानाचं नाक टेकलं की पेडलपासून डॅशबोर्डपर्यंत सगळं थडथडायचं. मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक फडफडतं ना, तसं. याला शिमी म्हणतात. ती दाबायला तेल भरलेला छोटा डॅम्पर असतो, आणि चाक सरळ राहावं म्हणून कात्रीसारखे दोन दांडे एका बोल्टने जोडलेले असतात. डॅम्पर गळला, बुश झिजले की संपलं. आठवडाभर सगळ्या पोरांना हे ठाऊक होतं. नोंदवहीत मात्र एक ओळ नाही! लिहिलं की विमान उभं राहणार, सगळ्यांचे तास लांबणार, आणि ऑफिसातून कोण लिहिलं म्हणून विचारणा होणार. आमच्याकडे ड्रायव्हर 'स्टिअरिंग ओढतंय' एवढं लिहून गेला तरी गाडी त्या रात्री पिटवर जायची.

त्या सकाळी पोरीने मागची चाकं मऊ टेकवली. नाक खाली आलं आणि थडथड सुरू झाली. नाकावरचा भार कमी व्हावा म्हणून मॅडमनी कंट्रोल पोटापर्यंत ओढला, पण तोवर बोल्ट तुटला होता. चाक आडवं झालं, नाक धावपट्टीवर घासत गेलं, पंख्याची दोन्ही पाती वाकली. फिरता पंखा असा आपटला की इंजिनही पूर्ण उघडून तपासावं लागतं. दोघींना खरचटलंसुद्धा नाही. फोनवर म्हणाली, "बाबा, मी ठीक आहे, विमानाचं नाक तुटलं." मग रडली.

ऑफिसचं पहिलं वाक्य: "हार्ड लँडिंग झालं असेल." मॅडम तिथल्या तिथे म्हणाल्या, "मी शेजारी बसले होते, लँडिंग चांगलं होतं." वरचा अर्धा तारा त्या वाक्याचा.

तुटलेल्या बोल्टचा फोटो पोरीने दाखवला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, ग्रीस शिरलेला. उरलेला लखलखीत. म्हणजे तडा जुना, त्या दिवशी फक्त उरलेलं तुटलं. चौकशी करणारे वेगळे आहेत, निकाल ते देतील. पण असे बोल्ट मी आयुष्यभर हातात घेतलेत.

इथे ॲडमिशन घेणार असाल तर सिम्युलेटर नंतर बघा. आधी विमानांची नोंदवही मागा. कोरी करकरीत दिसली तर खुश होऊ नका.

परवा पोरीने ब्रेक मऊ लागतोय असं लिहिलं. विमान दोन दिवस उभं आहे. हॉस्टेलची पोरं तिच्याशी धड बोलत नाहीत.