हब मोटर घ्यावी की मिड-ड्राइव्ह? ठाणे-नवी मुंबईतून लांब पल्ल्याला निघणाऱ्यांसाठी

ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून सायकल बाहेर काढली की घाट टळत नाही. मुरबाडमार्गे गेलात तर माळशेज, शहापूरमार्गे कसारा, पनवेल-खोपोलीमार्गे बोरघाट. कोकणात उतरून सागरी मार्ग धरला तर सलग मोठा घाट लागत नाही, पण आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तरींनी खाडी ओलांडत गेलात की धक्क्यावरून वर येताना बहुधा छोटा आणि खडा चढ वाट बघत असतो. म्हणून ई-सायकल घेताना ‘एका चार्जमध्ये किती किलोमीटर’ हे नंतर विचारा. मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये आहे (हब मोटर) की पेडलच्या मधोमध, बॉटम ब्रॅकेटपाशी (मिड-ड्राइव्ह), हे आधी ठरवा. चढावर काय होईल आणि रस्त्यात काय बिघडेल, दोन्ही त्यावरच अवलंबून आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. मोटरची सलग अर्धा तास मिळणारी ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि मोटरची मदत २५ किमी वेगाला बंद होणारी, अशी पेडल-असिस्ट सायकल मोटार वाहनात मोडत नाही; तिला नोंदणी लागत नाही. बाजारात ५०० आणि ७५० वॅटचे मिड-ड्राइव्ह किट सर्रास मिळतात. ते बसवले की ही सूट गेली. पुढची सगळी तुलना २५० वॅटच्या मोटरी धरून केली आहे. आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग यांवर सायकलला बंदी आहे, मोटर कुठलीही असो. नकाशाचं ॲप बिनदिक्कत तिकडे वळवतं, तेव्हा मार्ग आदल्या दिवशी हाताने आखून ठेवा.

चढावर काय होतं

सायकल, सामान आणि स्वार मिळून १२० किलो धरू. दहा टक्क्यांच्या चढावर हे वजन वर ढकलायला चाकाच्या कडेवर साधारण १२५ न्यूटन जोर लागतो. ताशी ८ किमी वेगाने चढायचं तर २८० वॅटच्या आसपास ताकद हवी. त्यातले शंभर-सव्वाशे वॅट पाय देतील, उरलेले मोटरने द्यायचे.

ताशी ८ किमीला मागचं चाक मिनिटाला जेमतेम ६२ फेरे घेतं. हब मोटर चाकालाच बांधलेली, त्यामुळे तिलाही त्याच गतीने रखडावं लागतं. ती घडवलेली असते ताशी २०-२५ किमीसाठी, म्हणजे मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांसाठी. गती एवढी घसरली की बॅटरीतून येणाऱ्या विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो. मिड-ड्राइव्ह मात्र सायकलचे गिअर वापरते. पुढे ३४ आणि मागे ३६ दात असतील तर चाक तेवढंच हळू फिरत असताना पेडल मिनिटाला ६५-६६ फेरे घेतं आणि मोटर आपल्या सोयीच्या गतीला राहते.

बॅटरीच्या हिशेबात हे असं दिसतं. ६०० मीटर उंची चढायला या वजनाला १९६ वॅट-तास ऊर्जा लागते. निम्मी पायांनी दिली तरी ९८ मोटरवर येतात. मिड-ड्राइव्ह ७५ टक्के कार्यक्षमतेने चालली तर बॅटरीतून सुमारे १३० वॅट-तास जातील. हब ५५ टक्क्यांवर घसरली तर १८०. माळशेजचा चढ लांब पण बराचसा सौम्य आहे. तिथे हबही ताशी १२-१३ किमीने चढते आणि फरक कमी होतो. सागरी मार्गावरच्या खड्या चढांवर तो वाढतो.

मिड-ड्राइव्ह किट घेणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच तपासावी. अनेक किटबरोबर पुढचं चक्र ४४ किंवा ४६ दातांचं येतं. ते सपाट रस्त्याला ठीक. सामान लादून घाटात न्याल तर मोटर रखडेल आणि मिड-ड्राइव्हसाठी जास्त पैसे मोजल्याचा अर्थच उरणार नाही. लहान चक्र बसेल का ते विचारा. फ्रेमच्या नळीला घासत नाही ना, तेही बघा.

हब घेऊन घाटात जाणारच असाल तर वेग ताशी १० किमीच्या खाली आला की असिस्ट एक पायरी कमी करा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: वेग पडला की असिस्ट वाढवतात आणि मोटर भाजतात. हबच्या झाकणावर तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर थांबा आणि पंधरा मिनिटं निवू द्या. गिअर असलेल्या हबमध्ये आत नायलॉनचे तीन छोटे दातेरी गिअर असतात. उष्णतेने ते मऊ पडतात आणि दात झिजतात. मग मोटरचा आवाज येतो पण चाकाला ओढ मिळत नाही. हे रस्त्यात दुरुस्त होत नाही. पेडल मारत घरी या.

‘उतारावर बॅटरी चार्ज होते’ असं कोणी सांगितलं तर मोटरचा प्रकार विचारा. गिअर असलेल्या हबमध्ये आणि मिड-ड्राइव्हमध्ये क्लच असतो, त्यामुळे उतारावर मोटर फिरतच नाही. वीज परत मिळते ती फक्त डायरेक्ट-ड्राइव्ह, म्हणजे आत गिअर नसलेल्या हबमध्ये, आणि ती जड असल्याने टूरिंगला फारशी कामाची नाही.

मागच्या चाकाचं पंक्चर

इथे पारडं पूर्ण फिरतं. मिड-ड्राइव्हचं मागचं चाक साध्या सायकलचं असतं. क्विक रिलीज असेल तर अर्ध्या मिनिटात निघतं. हबच्या चाकाला मोटरची केबल, जाड एक्सल, नट आणि टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवलेली पट्टी. त्यामुळे हबवाल्यांनी चाक न काढता पंक्चर काढायला शिकावं. दहापैकी आठ वेळा तेवढ्यावर भागतं.

बॅटरी बंद करून काढून ठेवा आणि सामान उतरवा. सायकल चेन वर राहील अशी आडवी करा. टायरची एकच बाजू रिमबाहेर काढा, ट्यूब हाताने बाहेर ओढा, छिद्र शोधा. टायरच्या आतून फडकं फिरवा: महामार्गावर फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, गावच्या रस्त्यावर बाभळीचे काटे. ते आत राहिलं तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. ट्यूब घासा, सोल्युशन लावा, ते सुकून चमक जाईपर्यंत पाच मिनिटं थांबा, मग पॅच दाबा. घाईने ओल्यावर लावलेला पॅच उन्हात सुटतो.

वॉल्व्हच फाटला किंवा ट्यूब चिरली तर चाक काढावंच लागतं. केबल कुठल्या बाजूने येते आणि वॉशर कोणत्या क्रमाने आहेत याचा आधी फोटो घ्या. केबल टाय कापा आणि मोटरचा कनेक्टर सरळ ओढा. पिळलात तर आतल्या पिना वाकतात. बहुतेक हबच्या नटाला अठराचा पाना लागतो, काहींना एकोणीसचा. घरीच लावून बघा. परत बसवताना दात असलेला वॉशर फ्रेमच्या खाचेत नीट बसला पाहिजे आणि टॉर्क आर्म घट्ट हवा. नट साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर आवळायचे. इथे ढिलाई झाली तर जोर पडताच एक्सल खाचेत फिरतो आणि केबल पिळवटून तोडतो. हबच्या सायकलवरचा सगळ्यात महागडा अपघात हाच, आणि तो बहुधा पंक्चर काढल्यानंतरच्या पहिल्या चढावर होतो. केबलला एक्सलच्या खाली थोडी झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून हबमध्ये न जाता खाली गळतं.

वॉल्व्हबद्दल: पेट्रोल पंपावर आणि गावच्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलच्या वॉल्व्हला बसणारी नळी असते. तुमच्या रिमला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॉप्टर एक नाही, दोन ठेवा. ते हमखास हरवतात.

स्पोक आणि चेन

हब तीन-चार किलोचा, वर सामान, खाली घोडबंदर रोडचे खड्डे. स्पोक तुटणारच. आणि या स्पोकची लांबी साध्या चाकाच्या स्पोकपेक्षा बरीच कमी असते, म्हणून मुरबाड किंवा जुन्नरच्या दुकानात आपल्या मापाचे मिळतील या भरवशावर राहू नका. सायकल घेतानाच त्याच मापाचे चार स्पोक निपलसह मागून घ्या आणि फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा. नवं चाक दोनशे-तीनशे किमीनंतर एकदा कसून घ्यावं. तुटलेले बहुतेक स्पोक ढिल्या चाकातले असतात. एक तुटला तर शेजारचे दोन अर्धा फेरा ढिले करा, चाक डुलणं कमी होईल. दोन शेजारी-शेजारी तुटले तर सायकल घाटात चढवू नका.

मिड-ड्राइव्हचं दुखणं चेन. पायांचा आणि मोटरचा जोर एकाच चेनवरून जातो, त्यामुळे घाटात वापरलेली चेन दीड-दोन हजार किमीत ताणते. चेन मापकावर ०.७५ टक्के दिसलं की बदला, नाहीतर मागची दातेरी चक्रंही खराब होतात. तुटण्याचं मुख्य कारण म्हणजे जोर चालू असताना गिअर बदलणं. गिअर सेन्सर नसलेल्या किटवर एक युक्ती कामी येते: ब्रेकचा लिव्हर अगदी हलका दाबा, कट-ऑफ स्विचमुळे मोटर क्षणभर थांबते, तेवढ्यात गिअर बदला. चेन कटर आणि आपल्या चेनला बसणाऱ्या दोन क्विक लिंक जवळ असल्या तर तुटलेली चेन दहा मिनिटांत जोडली जाते.

मात्र डिरेलरच, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भागच, वाकून तुटला आणि चेन जोडता येईना, तर मिड-ड्राइव्हची मोटर असून नसल्यासारखी. हबला थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी मूठ) असेल तर चेन नसतानाही सपाट रस्त्याने पुढच्या गावापर्यंत जाता येतं. एकट्याने फिरणाऱ्याने हा फरक हलक्यात घेऊ नये.

वीज गेली तर

दुरुस्तीच्या दृष्टीने हबचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग, बाहेर, वेगळ्या डबीत असतो. ३६ किंवा ४८ व्होल्टचा सर्वसाधारण कंट्रोलर बऱ्याच हबना जुळतो, आणि ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्यालाही मोटरच्या तीन जाड तारा आणि हॉल सेन्सरच्या (मोटर कुठे फिरली आहे ते ओळखणाऱ्या) बारीक तारा ओळखू येतात. मिड-ड्राइव्हमध्ये कंट्रोलर मोटरच्याच आवरणात आणि ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा. तो गेला की छोटा हत्ती बोलवा.

सुदैवाने बऱ्याचदा दोष एवढा खोल नसतो. बाफांग कंपनीच्या मोटरच्या डिस्प्लेवर २१ हा एरर कोड आला तर वेगाचा सेन्सर: स्पोकवरचं चुंबक सरकलेलं असतं, सेन्सरसमोर आणून काही मिलिमीटर अंतर ठेवा. ३० म्हणजे संपर्क तुटला: सगळे कनेक्टर सोडून, पुसून, बाण जुळवून पुन्हा दाबा. ०८ म्हणजे हॉल सेन्सर. पावसात आला तर आधी ओलावा वाळवा. पावसाळ्यात निघण्यापूर्वी कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि डिस्प्लेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पाइपखाली सायकल कधीच धरू नका.

बॅटरी दोन्ही प्रकारांत सारखीच असते. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास म्हणजे ५०४ वॅट-तास. १५ टक्के राखून ठेवले आणि किलोमीटरला ९ वॅट-तास धरले, तर सपाटीवर सत्तेचाळीस किमी; म्हणजे ठाण्याहून शहापूरच्या आसपास जेवणाला थांबून चार्जिंग आलंच. दोन अँपिअरचा चार्जर जेमतेम ८४ वॅट देतो, दोन तासांत तिसरा हिस्साच भरतो; चार अँपिअरचा न्या, पण बॅटरीला तो चालतो हे लेबलवर बघून. ढाबेवाल्याला सांगा की पूर्ण चार्जलाही अर्धा-पाऊण युनिटच लागतं, तो नाही म्हणत नाही. चारचाकीच्या चार्जिंग स्टेशनचा उपयोग नाही. साधा तीन पिनांचा सॉकेट शोधा. घाट चढून आलेली गरम बॅटरी अर्धा तास सावलीत ठेवूनच लावा. पडून चेपलेली, फुगलेली किंवा गोडसर उग्र वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही आणि खोलीतही ठेवायची नाही.

मग कोणती

घाट वर्षातून एखाददुसरा, बाकी अलिबाग, वसई, रोजचं ऑफिस, तर गिअर असलेली हब घ्या. स्वस्त पडते आणि चेनही टिकते. सामान लादून माळशेज-जुन्नर किंवा रेवसपासून खाली सागरी मार्ग करायचा असेल तर मिड-ड्राइव्हशिवाय दुसरं सुचवणं कठीण आहे. तुमचं वजन नव्वद किलोच्या वर असेल तर कोकणातल्या चढांवर हबचा विचारही नको.

पैसे देण्याआधी दहा किलोचं ओझं बांधून ठाणेकरांनी उपवनहून येऊरचा चढ आणि नवी मुंबईकरांनी बेलापूरचा पारसिक हिल चढून बघावा. मधेच एकदा थांबून पुन्हा चढावरूनच सुरुवात करा. तिथे मोटर ओढ देत नसेल तर घाटातही देणार नाही. खाली आल्यावर दुकानातच मागचं चाक स्वतःच्या हाताने काढून परत बसवा आणि लागलेले पाने मोजा. विक्रेता ‘ते आमचा मेकॅनिक करेल’ म्हणाला, तर शहापूरच्या पुढे तो मेकॅनिक किती वाजता पोचेल, हे त्यालाच विचारा.