युरोपात एक सेमिस्टर, मुंडस की जर्मनीत थेट मास्टर्स?

तिसऱ्या वर्षाची मुलं आणि त्यांचे पालक "युरोपला जायचंय" म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. कॉलेजमार्फत एका सेमिस्टरसाठी जाऊन परत यायचं, म्हणजे एक्स्चेंज, ही एक. पदवीनंतर युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळवून दोन-तीन देशांत मास्टर्स करायचं, ही दुसरी. आणि घरच्या किंवा कर्जाच्या पैशावर जर्मनीत थेट मास्टर्सला प्रवेश घ्यायचा, ही तिसरी. तिन्हींचा खर्च वेगळा, धोके वेगळे आणि शेवटी हातात पडणारा कागदही वेगळा.

माझं मत आधीच सांगते. एक्स्चेंज फायद्याचं ठरेल की नाही, हे युरोपातल्या विद्यापीठापेक्षा इथल्या परीक्षा विभागावर जास्त अवलंबून असतं. तिथे मिळवलेली क्रेडिट इथे धरली जाणार असतील तर बिनधास्त जा. धरली जाणार नसतील तर तोच वेळ आणि तीच मेहनत मुंडसच्या अर्जात घाला.

एक्स्चेंज म्हणजे नक्की काय

इरॅस्मस योजना १९८७ साली युरोपातल्या विद्यापीठांनी आपसात विद्यार्थी पाठवावेत म्हणून सुरू झाली. आजच्या इरॅस्मस प्लसचा टप्पा २०२१ ते २०२७ असा आहे आणि त्यात भारतासारख्या देशांतल्या विद्यापीठांनाही दार उघडं आहे. पण विद्यार्थी त्या दारातून एकटा आत जाऊ शकत नाही. तुमच्या विद्यापीठाचा तिथल्या विद्यापीठाशी करार असावा लागतो, आणि आधी तुमच्या विद्यापीठाने तुमचं नॉमिनेशन करावं, म्हणजे अधिकृतपणे तुमचं नाव पाठवावं लागतं. करार नसेल तर विषय तिथेच संपतो.

करार असला तरी त्यातही फरक असतात. इरॅस्मस प्लसची ग्रँट असेल तर तिथली ट्यूशन फी माफ होते आणि देशातल्या महागाईनुसार महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो मिळतात, प्रवासाला अंतराप्रमाणे वेगळे. एक युरो शंभर रुपये धरला तर पाच महिन्यांत चार-साडेचार लाख होतात. मध्यम शहरात काटकसरीने राहिलं तर तेवढ्यात भागतं. दुसऱ्या प्रकारात दोन विद्यापीठांचा साधा सामंजस्य करार असतो. त्यात तिथली फी माफ, पण राहणं, खाणं, विमा, विमान सगळं तुमचं, आणि इथल्या कॉलेजची फी चालूच. तिसरा प्रकार नावापुरता एक्स्चेंज असतो. माहितीपत्रकावर "सेमिस्टर अब्रॉड" लिहिलेलं असतं आणि फी मात्र पूर्ण भरायची असते. म्हणून पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा: तिथली फी माफ आहे का, दरमहा पैसे मिळतात का, नॉमिनेशन कोण करतं. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस घुटमळला, तर तो एक्स्चेंज नाही.

खरी गोम: लर्निंग अॅग्रीमेंट

जाण्याआधी लर्निंग अॅग्रीमेंट नावाचा एक कागद भरावा लागतो. त्यावर तुमची, इथल्या विद्यापीठाची आणि तिथल्या विद्यापीठाची, अशा तीन सह्या असतात. मुलं त्याला व्हिसाच्या फॉर्मसारखं समजतात आणि घाईत भरून मोकळी होतात. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे.

त्यात दोन तक्ते असतात. तक्ता 'अ' मध्ये तिथे कोणते विषय घेणार ते लिहायचं. उदाहरणार्थ, सहा-सहा क्रेडिटचे चार विषय आणि सहा क्रेडिटचा भाषेचा कोर्स, मिळून ३०. युरोपात एका सेमिस्टरची ३० आणि वर्षाची ६० ईसीटीएस (युरोपची समान क्रेडिट पद्धत) क्रेडिट धरतात, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत असतो. तक्ता 'ब' मध्ये त्याबदल्यात इथले कोणते विषय झाले असं मानलं जाईल ते लिहायचं. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार सेमिस्टरची साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. म्हणजे ३० ईसीटीएसमध्ये इथलं एक पूर्ण सेमिस्टर बसायला हवं.

तक्ता 'ब' मध्ये इथल्या विषयांची नावं आणि कोड स्पष्ट लिहिलेले असतील तर तुम्ही सुरक्षित आहात. तिथे नुसतं "इलेक्टिव्ह" लिहिलं असेल किंवा रकाना मोकळा असेल, तर परत आल्यावर चार पेपर बॅकलॉगसारखे पुन्हा द्यावे लागण्याची तयारी ठेवा. विभागप्रमुखांची सही पुरत नाही. परीक्षा विभागाचं लेखी पत्र घ्या आणि त्याची पोच जपून ठेवा. तिथे गेल्यावर एखादा विषय रद्द झाला किंवा वेळापत्रकात जुळला नाही तर अॅग्रीमेंट बदलता येतं, पण सेमिस्टर सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांच्या आत. बदललेल्या कागदावरही पुन्हा तिन्ही सह्या लागतात, हे विसरू नका.

गुणांचंही आधीच ठरवून घ्या. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. इटलीत ३० पैकी १८ ला पास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, आणि तिथे १४ मिळाले तरी प्राध्यापक पाठ थोपटतात. त्या १४ चे इथे कुणी सरळ भागाकार करून ७० टक्के लावले, तर हुशार मुलीचा सीजीपीए विनाकारण खाली येतो. रूपांतराचं सूत्र जाण्याआधी लेखी मागणं हा तुमचा हक्क आहे.

मग वेळापत्रक. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतर. आपल्याकडे तोवर एक सेमिस्टर संपून दुसरं निम्मं उलटलेलं असतं. म्हणजे जायचं एका सेमिस्टरला आणि बुडणार दोन. स्वीडन, नेदरलँड्स, फ्रान्स इथलं शरद सेमिस्टर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होतं आणि डिसेंबर-जानेवारीत आटपतं. आपल्या विषम सेमिस्टरशी ते बरंच जुळतं. नेदरलँड्स, स्वीडन, फिनलंडमध्ये पदवी स्तरावरही इंग्रजीतले विषय भरपूर मिळतात. जर्मनीत पदवीचं शिक्षण अजून बहुतांशी जर्मनमधून होतं, त्यामुळे बी.ई.च्या मुलाला जुळणारे विषय शोधताना घाम फुटतो. इंजिनिअरिंगवाल्यांनी सातवं सेमिस्टर शक्यतो टाळावं. कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम तेव्हाच असतो.

यावर एक चांगला मार्ग आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं: आठव्या सेमिस्टरला अभ्यासाऐवजी इंटर्नशिपला जाणं. इरॅस्मस प्लसमध्ये २ ते १२ महिन्यांच्या ट्रेनीशिपचीही सोय आहे. ज्या कॉलेजमध्ये शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचंच असतं, तिथे पाच विषय जुळवायची कटकट राहत नाही. एकाच नोंदीत काम होतं. जानेवारी ते जून हा काळही नीट बसतो. फ्रान्समध्ये तर विद्यार्थी, संस्था आणि कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाल्याशिवाय स्टाज, म्हणजे इंटर्नशिप, सुरूच होत नाही, आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल तर मोबदला देणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात पाच महिने हाताने केलेलं काम मुलाखतीत चार विषयांच्या गुणांपेक्षा जास्त बोलतं, असं मला मनापासून वाटतं.

इरॅस्मस मुंडस

मुंडसला तुमच्या कॉलेजचा कुठलाही करार लागत नाही. जळगावच्या किंवा सिंधुदुर्गातल्या कॉलेजची पदवी असलेली मुलगी स्वतः अर्ज करू शकते, शेवटच्या वर्षाला असतानाही. मला हा मार्ग सगळ्यात न्याय्य वाटतो तो याच कारणाने. शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, म्हणजे एकूण ३३,६०० युरो. ट्यूशन फी नाही, विमा त्यातच. मात्र सध्याच्या टप्प्यात प्रवास आणि व्हिसाचा खर्च याच १,४०० मधून भागवायचा असतो.

अभ्यासक्रम किमान दोन देशांत होतो. पत्रकारितेच्या मुंडसमध्ये पहिलं वर्ष डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला आणि दुसरं वेगळ्या देशात. ऐकायला छान वाटतं, पण प्रत्येक स्थलांतराला नवं घर, नवं डिपॉझिट, नवी नोंदणी. जर्मनीत घरात शिरल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. इटलीत पोचल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत पोस्टात जाऊन वास्तव्य परवान्याचा अर्ज द्यायचा. ज्याला एका जागी रुळायला वेळ लागतो, त्याने याचा आधी विचार करावा.

स्पर्धेबद्दल एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. एका अभ्यासक्रमाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी साधारण १० टक्क्यांहून जास्त एकाच देशाच्या नागरिकांना देता येत नाहीत. म्हणजे भारतीय अर्जदाराची खरी लढत इतर भारतीय अर्जदारांशीच असते. संगणक आणि डेटाच्या अभ्यासक्रमांना आपल्याकडून अर्जांचा पूर येतो. पाणी व्यवस्थापन, वनशास्त्र, सागरी विज्ञान, वारसा जतन यांच्याकडे तितकी गर्दी नसते. तुमचा विषय खरोखरच तिकडे झुकत असेल तर संधी चांगली आहे. नुसती गर्दी कमी म्हणून विषय बदलू नका. निवड समितीला उद्देशपत्रातून ते लगेच कळतं.

आणखी एक. "प्रवेश मिळाला" आणि "शिष्यवृत्ती मिळाली" या दोन वेगवेगळ्या बातम्या आहेत. अनेक अभ्यासक्रम स्वखर्चाच्या जागाही देतात. शिष्यवृत्ती नसेल तर मुंडसचा मोठा फायदाच गेला, मग जर्मनीचा हिशेब समोर ठेवून बघा.

जर्मनीत थेट मास्टर्स

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं अंशदान. अपवाद मात्र लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. जुने व्हिडिओ बघून "जर्मनी फुकट" असं धरून चालू नका.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये दाखवावे लागतात. महिन्याला त्यातले ९९२ सुटतात. पदवीसाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याची फी १८,००० रुपये. ते हातात यायला आठवडे जातात, म्हणून आधी त्याच्या मागे लागा. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि ती पूर्ण पदवीसाठी मिळते. पात्र असाल तर कर्जाची फाइल उघडायच्या आधी तिचे निकष वाचा.

काम आणि नोकरी

इथे तिन्ही पर्यायांतलं अंतर स्पष्ट होतं. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. फ्रान्समध्ये मर्यादा वर्षाला ९६४ तासांची. नेदरलँड्समध्ये आठवड्याला १६ तास, आणि त्यासाठीही मालकाला परवाना काढावा लागतो. पण पाच महिन्यांच्या एक्स्चेंजमध्ये कामाच्या भरवशावर जाऊ नका. पत्ता नोंदवून, बँक खातं उघडून, काम शोधेपर्यंत दोन महिने जातात आणि मग परीक्षा समोर उभ्या असतात.

पदवीनंतर जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देतो, नेदरलँड्स एक वर्ष. एक्स्चेंजवाल्याला यातलं काही मिळत नाही, कारण त्याने तिथली पदवी घेतलेली नसते. सेमिस्टर संपलं की परत. त्यामुळे "एक्स्चेंजला जाऊन तिथेच चिकटू" असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मुंडसमध्ये मात्र शेवटचं सेमिस्टर कुठे आहे हे बघून मार्ग निवडा. प्रबंध जिथे लिहाल, ओळखी जिथे होतील, तिथेच पुढचं काम शोधणं सोपं जातं. त्या देशाची भाषा दोन सेमिस्टर आधीपासून शिकायला घ्या.

मग कोणी काय निवडावं

घरची परिस्थिती बेताची आणि कॉलेजला करार नसेल, तर मुंडस, आणि दुसरा विचारच नको. बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतात. दोन शिफारसपत्रं आणि इंग्रजीची परीक्षा दिवाळीआधी आटपलेली असली तर घाई होत नाही. निकालाची वाट बघत असतानाच जर्मनीसाठी एपीएसही करून ठेवा, म्हणजे वर्ष रिकामं जात नाही.

नोकरी युरोपातच करायची हे पक्कं असेल आणि बारा लाख उभे करता येत असतील, तर थेट जर्मनी. पण किमान बी वन, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत जर्मन शिकूनच. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. इंग्रजीतल्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, पण भाषेशिवाय नोकरीची दारं फार थोडी उघडतात.

एक्स्चेंज कोणासाठी? ज्यांच्या हातात ग्रँट आणि भरलेला तक्ता 'ब' दोन्ही आहे त्यांच्यासाठी. ज्यांना दोन वर्षांच्या मास्टर्सवर पैसे लावण्याआधी तिकडचं शिकवणं अंगावर घेऊन बघायचं आहे त्यांच्यासाठी. आणि जर्मन किंवा फ्रेंच विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी तर नक्कीच. त्यांची क्रेडिट जुळायला सोपी असतात, आणि पाच महिने त्या भाषेत भाडेकरार, दवाखाना, बाजार निभावल्यावर जी तयारी होते ती वर्गात बसून होत नाही. त्यांना जर करार असूनही "नंतर बघू" असं सांगितलं जात असेल, तर त्यांनी विभागात लेखी अर्ज द्यावा आणि उत्तरही लेखीच मागावं. नॉमिनेशनची मुदत सेमिस्टर सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी संपते.