पॉवरपॉइंट : श्रोत्यांना न दिसणारा भाग

पॉवरपॉइंट मी डी.एड.पासून वापरतेय, पण त्यातला प्रेझेंटर व्ह्यू यंदा पहिल्यांदा नीट वापरला. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मला वीस मिनिटं दिली होती, विषय होता भागाकार. मागच्या खेपेला काही विसरायला नको म्हणून सगळं स्लाइडवरच लिहून नेलं होतं. बावीस स्लाइड. मी वाचत होते, समोरचे शिक्षकही वाचत होते, आणि त्यांचं माझ्या आधी वाचून होत होतं.

प्रेझेंटर व्ह्यूमध्ये प्रोजेक्टरवर फक्त स्लाइड जाते. लॅपटॉपवर आपल्याला ती स्लाइड, पुढची स्लाइड, घड्याळ आणि आपल्या नोट्स दिसतात. नोट्सची अक्षरं मोठी करता येतात, त्यामुळे टेबलापासून दोन पावलं लांब उभं राहिलं तरी चालतं. मग स्लाइडवर मजकूर कोंबायचं कारणच उरलं नाही. बावीसच्या नऊ झाल्या. घरी प्रोजेक्टर नसताना ऑल्ट आणि एफ५ एकदम दाबलं की एकाच स्क्रीनवर सराव करता येतो.

'रिहर्स टायमिंग्ज'ने मात्र माझे डोळे उघडले. बोलत बोलत सराव करायचा, कुठल्या स्लाइडवर किती वेळ गेला ते तो मोजतो. माझी प्रस्तावना साडेचार मिनिटांची, आणि दहाचा गठ्ठा सोडून सुट्या करायची पायरी, जिथे मुलं खरी अडतात, ती पन्नास सेकंदांत उरकलेली! अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना काय यायला हवं त्याची यादी, वगैरे समोरच्यांना पाठ असतात; ते सगळं एका वाक्यावर आणलं. एक सांभाळा : शेवटी तो वेळा जतन करू का विचारतो. 'हो' म्हटलं तर कार्यक्रमात स्लाइड त्या वेळांनुसार आपोआप पुढे सरकतात. 'नाही'च म्हणा.

मराठी स्लाइडसाठी मी मुक्ता फॉन्ट घेतला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, मोफत मिळतो, आणि जोडाक्षरं मागच्या रांगेतूनही लागतात. दुसऱ्याच्या संगणकावर तो असेलच असं नाही, म्हणून फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करावा. केबल जोडल्यावर विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडायचं; 'डुप्लिकेट' राहिलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. यासाठी तरी दहा मिनिटं आधी पोहोचावं.

प्रत्यक्षात सगळ्यात कामाला आलं ते बीचं बटण. दाबलं की पडदा काळा. मी टेबलावर ५२ काड्या काढल्या : दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. चौघांत वाटायच्या. प्रत्येकाला एक गठ्ठा गेला, एक उरला. "आता?" एवढंच विचारून थांबले. पुढच्या रांगेतले एक सर उठले, त्यांनी गठ्ठ्याचं रबर काढलं. बारा सुट्या झाल्या, प्रत्येकी तीन, उत्तर तेरा. हेच चित्र स्लाइडवर होतं, पण पडदा काळा असताना सगळ्यांचे डोळे त्या रबरावर होते. पुन्हा बी दाबलं, स्लाइड परत आली.

घड्याळात अठरा मिनिटं झाली होती. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, काड्या ५३ असत्या तर उरलेल्या एकीचं मुलांना काय सांगायचं? ती चर्चा जेवणाच्या पंगतीपर्यंत चालली.